मदने सर आन् त्यांचा हुंगणारा डबा

बारामती आन् इंदापूर धरून दोन तालुक्यांत माझ्यावाणी तिखट नाक दुसऱ्या कुणाला न्हाय, हे मी कुणाच्याबी म्होरं छातीठोक सांगतो. मदने सर गेल्याचा फोन आला तवा माझ्या म्होरं चुलीवर दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला व्हता, आन् मला वास आला न्हाय. बायको गोठ्यातनं पळत आली, पातेलं उतरवलं, मला बोलायला तोंड उघडलं आन् माझ्याकडं बघून मिटून घेतलं. एरवी ती मिटणाऱ्यातली न्हाय. त्यावरनं वळखा माझं तोंड कसं झालं आसंल.

फोन वयनींचा व्हता. वयनी म्हंजी सरांची बायको. "भावजी, सर गेले. सकाळी खोलीत जाऊन खुर्चीत बसले, मी चहा घिऊन जाईस्तवर संपलं व्हतं." एवढंच बोलल्या. मी म्हणलं, "बरं." माणूस गेल्यावर 'बरं' म्हणणारा मी एकलाच गडी आसंन. त्याला कारण हाय, ते म्होरं सांगतो. पण त्या दिवशी इंदापूरला पोचेपातुर मला त्याच एका शब्दाची लाज वाटत व्हती.

आता महिना झाला. शिकल्या-सवरल्या लोकांनी सरांवर लिहिलं, सभा घेतल्या, हार घातलं. मी तिसरीतनं शाळा सोडलेला माणूस. खरं तर शाळेनंच मला सोडलं, मी धरून बसलो व्हतो. हे मी बोलतोय आन् सून लिहून घेतीया. तिला म्हणलंय, माझं बोलणं सुधारत बसू नगं, त्या कामात एक मास्तर आधीच खपलाय. मला सरांची थोरवी सांगता यायची न्हाय. मला एक गोष्ट कबूल करायची हाय. सरांच्या डब्यानं एकदा माझा जीव जाता जाता राहिला, आन् त्यो दोष सरांनी आपल्या अंगावर घेतला. त्यापायी दीड वरीस त्यांनी सवताला जाळून घेतलं. दोष त्यांचा नव्हता, माझा व्हता. मला ते त्याच दिवशी ठाऊक व्हतं. उद्या सांगीन, उद्या सांगीन म्हणत ऱ्हायलो… आन् माणूसच गेला.

माझा धंदा खाली उतरायचा. लोक जलमभर वर चढायला बघत्यात, मी दोर बांधून खाली जातो. विहिरीचा गाळ काढायचा, गोबरगॅसची टाकी मोकळी करायची, मोठ्या गोठ्यांचं शेणामुताचं हौद साफ करायचं. वर दोर धरायला माझा मेव्हणा सोपान. त्यो फारसा बोलत न्हाय, म्हणून आमचं जमतं. बोलायचं खातं माझ्याकडं. आमचा बाप मेंढरं घिऊन कोकणात जायाचा. मला मेंढरं मोजता येईनात, दर बारीला आकडा निराळा यायचा, तवा बाप म्हणला, ह्याला घरीच ठिवा, ह्यो बरोबर आसला तर आपली मेंढरं वाढत्यात न्हायतर मरत्यात. मग मी हे काम धरलं. उतरायच्या आधी कंदील सोडायचा. कंदील इझला तर खाली हवा न्हाय. मग लिंबाचा डहाळा दोराला बांधून वरखाली घुसळायचा, म्हंजी हवा हालती. आन् शेवटाला माझं नाक. काठावर पालथं पडून हुंगायचं. सडक्या अंड्याचा वास आला तर बिडी वढायला लांब जायाचं, वास गेला की उतरायचं. ह्या नाकापायी मला पार वालचंदनगरच्या चाळीपातुर लोक बोलवायचे. मी बी ते हत्यार आसल्यावाणी म्होरं काढून चालायचो.

सरांच्या इंदापूरच्या घरामागं जुनी विहीर हाय. तिचा गाळ काढायला आमी गेलो तवा काठावर एक माणूस लुंगी आन् भोकं पडलेलं बनियन घालून हुबा व्हता. मला वाटलं घरचा गडी. मी म्हणलं, "ए बाबा, बघतो काय नुसता, दोराला हात लाव." त्यानं दोर धरला. दिवसभर धरला. मी खालनं "ढिला सोड", "आरं वढ, जेवला न्हाय का" आसं सगळं म्हणून घेतलं. सांच्याला घरातनं बाई बाहीर आल्या आन् म्हणल्या, "सर, जेवायला चला." मी मागं बघितलं, कोण सर आले म्हणून. मागं नुसती म्हस व्हती.

कालिजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस त्यो. मी पाया पडायला वाकलो तर म्हणले, "ऱ्हाऊ दे. तू वाकून वास घेत व्हतास, त्याचं सांग. गॅस गेला हे कसं ठरवलंस?"

"वास यायचा थांबला."

"वास थांबला, का तुझं नाक थांबलं?"

मी म्हणलं, "दोन्ही एकच की."

सरांनी हात धुता धुता मान हालवली. म्हणले, "न्हाय भिवा. ह्यो गॅस लबाड हाय. थोडा आसला की वास देतो. लई झाला की पयल्यांदा नाकच मारतो. वास येतोय तवर तू सुरक्षित. वास थांबला म्हंजी एकतर गॅस गेला, न्हायतर नाक गेलं. त्यातलं कोण गेलं ते तुला कसं कळणार?"

मी तवा हसलो. पण येताना यष्टीत बसून मी मोजाय लागलो, कुठंकुठं वास थांबल्यावर मी खुशीत खाली उतरलोय. मेंढरं मला कवा नीट मोजता आली न्हाईत, पर ही ठिकाणं मोजली. सोपान म्हणला, "बोटं काय मोजतुयास?" मी म्हणलं, "वाचलो किती येळा ते बघतोय."

त्या दिसापासनं दर ऐतवारी मी सरांकडं जायाला लागलो. घरामागं कडब्याची खोली व्हती, ती त्यांनी रिकामी करून तितं भट्टी मांडली व्हती. सर काय करायचे म्हणाल, तर गंज पिकवायचे. आपण पत्र्याला गंज चढू ने म्हणून रंग मारतो, आन् ह्यो माणूस मुद्दाम गंज चढवायचा. कथलाचा गंज, जस्ताचा गंज. काच तव्यावाणी तापवायची आन् अत्तराच्या फवाऱ्यासारख्या बारक्या नळीतनं तिच्यावर कथलाचं पाणी मारायचं. चर्र आवाज व्हायचा, काच धुरकट व्हायची, झाली पट्टी. बस्स. त्या धुरकटपणासाठी दिवस दिवस खपायचे. वयनी भट्टीजवळ बसायच्या, ताप किती झाला ते सांगायच्या. एकदा मी त्या काचेला चष्म्याच्या फडक्यानं पुसून लख्ख करून दिली. सर बघत ऱ्हायले. वयनी म्हणल्या, "चार दिसांचं काम व्हतं ते." सर म्हणले, "जाऊ दे, पाव्हणा हाय." त्यावर वयनी म्हणल्या, "मग पाव्हण्यावाणी वसरीवर बसवा."

मी इचारलं, सर, ह्या गंजाचा हुंगणारा डबा करणार म्हणता, पर गंजाला वास कळतो कसा? तर त्यांनी मला माझ्या बापाच्या मेंढरांवर आणलं. सवता धनगराच्या घरचेच, त्यांच्या वडलांनीबी मेंढरं राखली व्हती. म्हणले, "आसं समज, ह्या गंजाच्या वाटेनं मेंढरं चाललीत. ती म्हंजी करंट. पट्टी तापली की हवेतला ऑक्सिजन दाण्यांच्या कडंला यिऊन बसतो आन् आतली एकेक मेंढी धरून ठिवतो. वाटंवरची मेंढरं कमी. मग इखारी गॅस येतो. त्यो त्या ऑक्सिजनला बखोटीला धरून घिऊन जातो. धरलेली मेंढरं सुटली, सगळी वाटंला लागली. वाटंवर गर्दी झाली रं झाली की डबा वरडतो."

"एवढं सोपं हाय तर मग काचंची नासाडी कशापायी?"

"दाणा बारीक पायजे म्हणून. गुळाची आख्खी ढेप ठिवली तर मुंग्या वरवर बसत्यात. तीच ढेप कुटून पीठ केली तर प्रत्येक कणाला मुंगी. जेवढा दाणा बारीक तेवढ्या कडा जास्त, तेवढा वास लवकर कळणार. मी करतोय त्यो दाणा डोळ्याला दिसत न्हाय, दुर्बिणीलाबी दिसत न्हाय."

मी म्हणलं, "माझ्या अकलंएवढा?"

सर म्हणले, "तेवढा बारीक करायला अजून कुणाला जमलं न्हाय."

मग माझं नाक आन् सरांचा डबा, आशी शर्यत लागायची. काचेच्या बरणीत सर थोडासा गॅस सोडायचे, आगदी चिमूटभर, आन् एका अंगाला मी हुंगायचो, दुसऱ्या अंगाला टेबलावरच्या डब्यातली पट्टी. सुरवातीला मी जिंकायचो. मी जिंकलो की चहा मागायचो, आन् सर हारल्यावर लई खूश व्हायचे, लगेच नवी काच करायला घ्यायचे. मला ते समजायचं न्हाय. आमच्यात हारलेला माणूस आधी भांडतो. एका ऐतवारी मी खोलीत पाय टाकला आन् बरणी उघडायच्या आधीच डबा वरडायला लागला. मी मागं सरलो, गप्प. म्होरं झालो, परत वरडला. सर चकित. कुठनं गॅस येतोय म्हणून खिडक्या उघडल्या, भट्टी बघितली. वयनी दारातनं म्हणल्या, "काय न्हाय, कालची उतरली नसंल भावजींची." डब्याला दारूचाबी वास कळतो, हे मला तवा कळलं. माझ्या बायकोला कुणीतरी सांगितलं, तर ती सरांकडं आसला एक डबा मागायला गेली व्हती. सर म्हणले, तुमाला डब्याची गरज न्हाय वयनी, तुमच्याकडं मूळचाच हाय.

पयला अंगावर घ्यायचा डबा झाला तवा सरांनी त्यो माझ्या हातात दिला. जेवणाच्या डब्याएवढा, म्होरं बारीक जाळी, आत पट्टी, खाली बॅटरी. म्हणले, "भिवा, ह्यो तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. दसरा झाला की आपण हौदात बघू." मला शाळंत कुणी पाटीबी इश्वासानं दिली नव्हती. मी त्यो डबा कापडात गुंडाळून मांडीवर घिऊन आलो, यष्टीतल्या बाईनं जागा दिली, तिला वाटलं प्रसाद हाय.

आन् हितं माझी चूक. खंडेनवमी आली. त्या दिशी आमी पाट मांडून हत्यारं पूजतो. टिकाव, खोरं, दोर, कंदील, शिडीची कडी, सगळं धुऊन वळीनं ठिवलं. म्हणलं डबा बी हत्यारच हाय, आन् सगळ्यात शिकलेलं हत्यार, त्याला मधी ठिवू. सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावलं. डब्याला कुठं लावावं कळंना. त्याला कपाळ कुठं हाय? मग म्हणलं, वास ह्या जाळीतनं घेतो, म्हंजी तोंड हितंच आसणार. म्हणून हळद पाण्यात कालवून जाळीवर चांगलं बोटभर लिंपलं, त्यावर कुंकू, त्यावर झेंडूचं फूल. हात जोडले. म्हणलं, बाबा, सरांची लाज राख.

दसरा झाल्यावर सांगवीच्या अंगाला एका बागायतदाराच्या गोठ्यात शेणाचा हौद उपसायचा व्हता. सर सवता आले. नियम ठरलेला, आधी डबा दोरानं खाली सोडायचा, गप्प ऱ्हायला तर मी उतरायचं. डबा सोडला. सर काठावर गुडघ्यावर बसले, कान खाली. डबा गप्प. सरांच्या तोंडावर आसं हासू आलं की काय सांगू. डबा वर घेतला, मी गळ्यात बांधला आन् शिडीनं उतरलो. तिसऱ्या पायरीवर सडक्या अंड्याचा वास आला. माझं नाक शेवटी माझं नाक. मी थांबलो. पण डबा गप्प व्हता आन् वर सर व्हते. मी म्हणलं, आता दोनात कुणाचं ऐकायचं? शिकलेल्याचं. आन् तेवढ्यात वास थांबला. खरं सांगतो, मला आनंद झाला. पाचव्या पायरीचं मला याद न्हाय.

डोळं उघडलं तवा मी गवतावर व्हतो आन् सोपान माझ्या थोबाडीत मारत व्हता. त्यो जरा गरजेपक्षा जास्तच मारत व्हता, आमच्या जुन्या गोष्टी हायत्या. पलीकडं सर बसले व्हते. साठीच्या पुढचा माणूस, सोपानबरोबर मला दोरानं वढून वर काढला व्हता. दोन्ही तळहाताची सालटी निघाली व्हती आन् ते हात मांडीवर उघडं टाकून नुसते बघत व्हते. म्हणले, "माझ्या डब्यानं तुला मारला आसता."

मी छातीवरच्या डब्याकडं बघितलं. जाळी पिवळी. हळद ओली होऊन भोकाभोकात बसली व्हती. एका नजरंत कळलं. मला शाळंतलं काय कळायचं न्हाय, पण बुजलेलं भोक कळतं, त्याच धंद्यात हाय मी. मी आंगठ्यानं जाळी पुसली. सरळ सांगायचं सोडून आंगठ्यानं पुसली. सोपान म्होरं व्हता, गोठ्यातली माणसं जमली व्हती. दोन तालुक्यांत नाकाचा डंका मिरवणारा भिवा आन् त्यानं डब्याचं नाक हळदीनं बुजवलं, हे ऐकल्यावर लोक पोटं धरून हसले आसते. मी जलमभर माझ्यावर लोकांना हसवत आलो. जिथं हसवायला पायजे व्हतं तिथंच माझी जीभ गिळली. सरांनी डबा माझ्या गळ्यातनं काढून पिशवीत घातला.

मग दीड वरीस. मी ऐतवारी गेलो की सर खोलीत. हाताला फडकं बांधून कामाला लागलेले. तळहात भरून आले तरी खोलीतनं बाहीर येईनात. वयनी ताट घिऊन जायच्या, तसंच परत आणायच्या. कालिजातले जुने सोबती येऊन सांगायचे, मदने, बास करा, आता नातवंडं खेळवा. सर म्हणायचे, "एक माणूस माझ्यामुळं हौदात पडला, आधी त्येचं बघू." त्यो 'एक माणूस' मी, तितंच स्टुलावर बसून त्यांचा चहा पीत आसायचो. कितीदा तोंडाशी आलं. एकदा तर म्हणलं, "सर, त्या दिशी जाळीला…" तर सर वळून म्हणले, "जाळीला काय?" मी म्हणलं, "जाळीला रंग चांगला व्हता." आसला गडी मी.

दुसरा डबा आला त्यात त्यांनी कथलाच्या गंजात तांब्याचा काळा गंज मिसळला व्हता. ह्यो डबा आता माझ्या नाकाला हटत नव्हता, म्होरं पळायचा. सरांनी त्याच्या पाठीला रुपयाएवढी तांब्याची चकती डकवली. मला म्हणले, "भिवा, पूजा करायची ती हितं. म्होरं न्हाय."  कळलं का काय ह्यांना? पण सर स्क्रू आवळत ऱ्हायले. मग मी बी मनाला समजावलं, की माणूस देवभोळा हाय, बाकी काय न्हाय. चोराला चांदणं आवडत न्हाय, आन् ढग आला की त्यो आभाळाला नमस्कार करतो.

सरांनी त्या डब्यासंगं मला एक अट घातली. काम झालं, वर आलो, की आंघोळीच्याबी आधी त्यांना फोन. मी म्हणायचो, "सर, वर आलो." ते म्हणायचे, "बरं. जेव आता." बास. पुढं काही वर्सं आसंच, कवा वालचंदनगरच्या अंगाला विहिरीवरनं, कवा बारामतीत एमआयडीसीच्या मागनं, हातापायाला चिखल, आधी फोन. एका विहिरीत डबा पयल्याच पायरीला वरडला, माझ्या नाकाला तवा काय गंधवार्ता नव्हती. मी वर आलो. सोपाननं कोंबडी दोराला बांधून सोडू का म्हणून इचारलं, मी म्हणलं कोंबडीनं तुझं काय घोडं मारलंय. फोन केला, "सर, डबा बोलला. उतरलोच न्हाय."  पलीकडं नाक वढल्यावाणी झालं. मग म्हणले, "बरं. जेव आता."

तर त्यो माझा 'बरं' सरांचा व्हता. वयनींनी सर गेले म्हणून सांगितलं तवा तोंडात दुसरा शब्दच नव्हता.

सर गेल्यावर पंधरा दिसांनी पयलं काम घेतलं. लहानच विहीर. डबा सोडला, गप्प ऱ्हायला, उतरलो, गाळ काढला, वर आलो. चिखलाच्या हातानं फोन लावला आन् पलीकडं घंटी वाजायला लागली तवा ध्यानात आलं. ठिवावा म्हणलं, पण बोट ऐकंना. वाजू दिला. त्या खोलीत टेबलावर वाजत आसंल, भट्टीच्या शेजारी, आसं मनात आलं आन् वाटलं वाजतोय तवर वाजू द्या… वयनींनी उचलला. मी म्हणलं, "वयनी, चुकून." त्या म्हणल्या, "वर आलात?" मी म्हणलं, "व्हय." त्या म्हणल्या, "बरं." जेव आता, हे काय त्या म्हणल्या न्हाईत. मी बी त्या दिशी दुपारपातुर जेवलो न्हाय. सोपान माझ्या वाटणीची भाकरी घिऊन बसला, खाल्लीबी त्यानं.

परवा ऐतवारी गेलो. डबा सा महिन्यांनी तपासावा लागतो, पट्टी जुनी झाली की खोटं बोलायला लागती. तेवढं निमित्त व्हतं. वयनींनीच बरणी घेतली, चिमूटभर गॅस सोडला, डबा वरडला, त्यांनी मागचा स्क्रू जरासा फिरवला, परत सोडला. म्हणल्या, "बरोबर हाय. अजून चालंल." मी बघत ऱ्हायलो. इतकी वर्सं मला वाटायचं, बाई नुसत्या भट्टीजवळ ऊब घेत ताप सांगायला बसत्यात. सरांची खुर्ची तशीच, बसून बसून मधी खड्डा पडलेली. खिडकीत धुरकट काचा वळीनं हुब्या, त्यातनं ऊन येत व्हतं. बनियन खुटीला व्हतं, तेच, भोकाचं. त्या भोकात एक भोक वाढलं आसतं तर बनियन ऱ्हायलं नसतं.

चहा झाला. मी कप हातात धरून सगळं सांगितलं. पाट, हळद, झेंडूचं फूल, आंगठ्यानं जाळी पुसली, सगळं. म्हणलं, वयनी, दीड वरीस ते जळले ते माझ्यामुळं. पट्टी चांगली व्हती. मी त्यांना सांगितलं आसतं तर ते सुखानं जेवलं आसतं, झोपलं आसतं, कदाचित अजून…  आपल्यावर हसायला लोकांना बोलवतो मी, पण त्या खोलीत हसायला कोण नव्हतं.

वयनी उठल्या. फळीवरनं वह्यांचा गठ्ठा काढला, त्यातली एक वही काढून पान उलटत बसल्या. अक्षर त्यांचंच, सरांचं अक्षर सरांनाच लागायचं न्हाय म्हणून वही त्या लिहायच्या. मला वाचता येत न्हाय. पण पान सापडलं तवा कोपऱ्यावर पिवळं बोट उमटलेलं मला दिसलं. सरांचं बोट. मी वळखलं, त्या बोटाचं टोक थोडं वाकडं व्हतं. सुनेला म्हणलं, हे लिही, की त्या पानावर मी हात ठिवला आन् लई येळ काढला न्हाय.

वयनींनी पान वाचलं. "त्याच दिशी सांच्याला लिहिलंय. जाळीत हळद व्हती. जाळी गरम पाण्यानं धुतली. कोरड्या हवेत गॅस दिला, डबा बोलला. बरणीत वाफ सोडून गॅस दिला, डबा गप्प. तीन बाऱ्या बघितलं. तिन्ही बाऱ्या गप्प." वही मिटली. म्हणल्या, "कळलं का काय?"

मी म्हणलं, "न्हाय."

"हौदात वल आसती. पाण्याची वाफ आधीच दाण्याच्या कडंला यिऊन बसती, गॅसला जागाच ऱ्हात न्हाय. पट्टीच कच्ची व्हती. तुमची हळद आसती-नसती, तुमी पडलाच आसता. ते दीड वरीस वाफेसंगं भांडत व्हते."

"मग त्यांनी मला इचारलं का न्हाय, हळदीचं?"

"कशाला इचारतील? त्यांना काम व्हतं."

 इतकी वर्सं उराशी धरलेलं वझं उतरलं म्हणून बरं वाटायला पायजे व्हतं. तसं वाटंना. सरांचं आन् माझं मिळून एक काहीतरी व्हतं, भले पाप का आसंना, ते बी माझं नव्हतं आसं निघालं. मी म्हणलं, "म्हंजी वयनी, माझ्यामुळं काहीच झालं न्हाय?"

वयनींनी वही फळीवर जागंला ठिवली, पदरानं धूळ झटकली आन् माझ्याकडं न बघता म्हणल्या, "तेवढे मोठे न्हाय तुमी, भावजी. उठा, कप इसळा."